चौकटीखालचा टोला

गोंदिया,
ता. १४ डिसेंबर १९५७

सौ. धुरपता हिस खेमराजचे आशीर्वाद.

मी बरा आहे. गोरेगावला आईही बरी आहे, गुडघे तेवढे धरतात. बेहडाटोल्याला तुम्हा सगळ्यांच्या प्रकृती चांगल्या असाव्यात आणि दुधरामदादाचं धान घरात आलं असावं, असं धरून लिहितो. तुझं पत्र नाही. आधीची चार पत्रं पोचली की नाहीत हेही ठाऊक नाही. पण डाकेतून परत आली नाहीत, तेवढ्या आधारावर हे पाचवं लिहायला बसलो आहे.

मागच्या रविवारी गोरेगावला जाऊन आलो. आमचं धान यंदा बरं झालं. आईने नव्या धानाचे पोहे कांडून बांधून दिले आणि गाठोडं हातात देताना म्हणाली, "सून कधी येऊन राहिली? भावाच्या घरी दुखणं आहे म्हणून मी लोकांना सांगून राहिली. असं कुठवर सांगू?" मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, "तू तिले बोलावलं तरी का?" मी गाठोडं काखेत मारून निघालो. पोहे इथे डब्यात तसेच आहेत. एकट्यापुरते भिजवायचे म्हणजे किती भिजवायचे, ते अजून जमत नाही.

कचेरीतली बातमी अशी की गेल्या वर्षी आपण मुंबई राज्यात आलो, तेव्हापासून सगळे जुने नकाशे बदलायचं चाललं आहे. नावं मराठीत हवीत, खुणा नव्या पद्धतीच्या हव्यात. तहसिलीचा नकाशा पुन्हा माझ्याच टेबलावर आला आहे. तोच. कोणता ते तुला सांगायला नको.

सुट्टीच्या दिवशी उस्ताद मुन्नालालांकडे जातो. नोकरी सुटल्यापासून ते घरीच असतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, पण जीभ तशीच. ज्यांनी मला रेघ ओढायला शिकवली त्यांच्याकडे पुन्हा पहिल्या धड्याला बसलो आहे म्हण. कच्चा नकाशा त्यांच्या भिंतीवर टांगला, तर म्हणाले, "दस कदम पीछे जाओ. आँखें आधी मींचो. अब बोलो, पहले क्या दिखा?"

मी म्हटलं, "मथळा, उस्ताद."

"तो मथळा बड़ा हो गया. आदमी को पहले तहसील दिखनी चाहिए, उसका नाम बाद में."

घरी येऊन मथळा खोडला, लहान केला. नद्यांची नावं तिरप्या अक्षरांत पाण्याच्या ओघाने लिहितो आहे, गावाचं नाव ठिपक्याच्या उजव्या अंगाला, आणि एका नावावर दुसरं चढू देत नाही. रस्ते जाड होते ते बारीक केले. जाड रेघ दिसली की तोच मोठा रस्ता असं माणूस समजतो, मग तो बैलगाडीचा का असेना.

एक गोष्ट मात्र ह्या खोलीत आता होत नाही. पूर्वी मी नावं लिहीत गेलो की तू शेजारी बसून ती मोठ्याने वाचायचीस आणि म्हणायचीस, "हे गाव असं नाई म्हनत कोनी." कितीतरी चुका तुझ्या कानाने पकडल्या. कागदपत्रांत एक नाव, लोकांच्या तोंडी दुसरं. मी कागदावर विश्वास ठेवायचा आणि तू लोकांवर. आता मी स्वतःच वाचतो आणि स्वतःच ऐकतो. त्यात चूक सापडत नाही.

मागच्या वेळचा नकाशा तुला दाखवायचा राहून गेला. तेव्हा घाई होती.

त्या नकाशातल्या चौकटीविषयी मी दादाच्या अंगणात जे सांगितलं, त्याहून वेगळं सांगण्यासारखं काही नाही. साहेबांचा हुकूम होता, मी नोकर माणूस. असो. थंडी पडली आहे. तुझी जाड चादर इथे पेटीतच आहे. कुणी येणारं असलं तर पाठवीन.

दादाच्या कौतिकाला माझा आशीर्वाद सांग. ती घेईल तर.

खेमराज


गोंदिया,
ता. २ मार्च १९५८

धुरपता,

गेल्या महिन्यात तीन आठवडे दौऱ्यावर होतो. नव्या नकाशासाठी जंगलपट्टीतले टोले, दोन-चार घरांच्या वस्त्यासुद्धा, पायी फिरून तपासायला मीच परवानगी मागितली. सालेकसा स्टेशनावर उतरून पुढे चालत. संगतीला मोजणीची साखळी धरायला बिसराम होता. तिकडचाच गोंड माणूस, जंगलकामावर जाणारा, डोंगर पायाखालचे. कचारगडच्या बाजूचा एकही टोला त्याने सोडू दिला नाही. एका ठिकाणी तीनच घरं होती. मी वहीत लिहून घेतलं तर तो वाकून पाहू लागला.

"तीन घराचा टोला बी लिवता का, सायेब?"

"लिहितो."

"मंग तिथं देवी डॉक्टर येते का टोचाले?"

मी साखळी उचल म्हणालो.

शेवटच्या आठवड्यात आम्ही तुमच्या मागच्या डोंगरावर आलो. दुपार उतरली होती. खाली सगळा बेहडाटोला दिसत होता. वरची आठ घरं, नाल्याच्या बाजूने खालची गोंडांची घरं, मधे विहीर. विहिरीवर तू होतीस. इतक्या लांबून तोंड दिसत नव्हतं, पण घागर काठावर टेकवून एक क्षण कमरेवर हात ठेवायची तुझी रीत मला मैलावरूनही कळेल. तुझ्या मागे कौतिका होती. केवढी झाली! तिने तुझ्या पदराचं टोक धरलं होतं आणि तू निघालीस तशी तीही पावलामागे पाऊल टाकत निघाली. तुम्ही घरात जाईपर्यंत मी बघत राहिलो.

मी खाली उतरलो नाही. बिसरामला म्हटलं, "तू जाऊन घरं मोजून ये." तो तासाभराने आला. म्हणाला, "वरतं आठ. खालतं तेरा घरं आहेत, सायेब, पर चुली दहाच पेटतात."

तेव्हापासून हे पत्र मनात लिहितो आहे. मधे दोनदा लिहून फाडलं. आता जे झालं ते क्रमाने लिहितो. तुला त्यातलं बरंचसं माहीत आहे, तरी लिहितो, कारण माझ्या तोंडून ते सरळ कधी निघालंच नाही.

१९५४ सालचा तो नकाशा नागपूरच्या प्रदर्शनात जायचा होता. माझ्या हातून झालेलं ते सर्वांत चांगलं काम होतं. सगळं बसलं होतं, फक्त खुणांची सूची बसत नव्हती. रस्ता कसा, नाला कसा, विहीर कशी दाखवली आहे ते सांगणारी ती चौकट. डावीकडे धानाच्या पट्ट्यातली गावं दाट, तिथे बोट ठेवायला जागा नाही. खालच्या समासात लांबट पट्टी करून ती बसली असती, पण मग नकाशा खालून जड दिसला असता. उजव्या कोपऱ्यात जंगल होतं. पांढरं, मोकळं. तिथे चौकट ठेवली की सगळ्या कागदाचा तोल साधत होता. मी ती शाईने आखून टाकली. दुहेरी रेघेची, कोपऱ्यांना गोलाई दिलेली.

बेहडाटोला त्या चौकटीच्या आत आला होता. पेन्सिलीचा ठिपका. तो मीच आधी टाकलेला होता, धुरपता. लग्नाला त्याच वाटेने आलो होतो, मी कसा विसरेन? ठिपका होता, आणि मी त्याच्यावरून चौकट नेली.

साहेब टेबलापाशी आले. त्यांना नकाशा आवडला. मग त्यांनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे काही वस्ती दबत नाही ना?"

मी म्हटलं, "नाही साहेब, नुसतं जंगल आहे."

हे मी बोललो. त्यांनी हुकूम केला नव्हता, विचारलं होतं. खरं सांगितलं असतं तर शाई लागलेला तो कागद टाकून सगळं पुन्हा पहिल्यापासून काढावं लागलं असतं, आणि प्रदर्शनाची तारीख गेली असती. साहेब गेल्यावर मी रबर घेऊन तो ठिपका पुसला. मनात म्हटलं, बाहेर सगळ्यांना ठाऊकच आहे तिथे टोला आहे, एका कागदावर नसला तर काय बिघडतं. तुला तो नकाशा दाखवायचा राहून गेला असं लिहिलं, ते खरं नव्हतं. तू नावं वाचत उजव्या कोपऱ्यापर्यंत आली असतीस, म्हणून मी तो गुंडाळून कचेरीतच ठेवला.

पुढच्या फाल्गुनात देवी टोचायला जो माणूस आला तो बाहेरगावचा, नवा. त्याच्या हातात माझ्या नकाशाची निळी छापील प्रत. एकेक गाव टोचून झालं की लाल पेन्सिलीने खूण करायचा. नाल्याअलीकडच्या गावापर्यंत येऊन त्याने शेवटची खूण केली आणि तो परतला. त्याच्या हिशेबी काम पुरं झालं होतं. दोन मैल पुढे तुम्ही होता.

चैत्रात देवीच्या साथीत सुमित्रावहिनी गेली. तिच्या मांडीवरचं बाळ गेलं. खालच्या घरांतली नऊ माणसं गेली. कौतिका वाचली, चार वर्षांची, पण डोळे गेले.

तू निरोप मिळताच निघून गेली होतीस. मी त्या टोचणीवाल्याला घेऊन मागून आलो. त्याने दादाच्या अंगणात नकाशा पसरला, घाबरला होता बिचारा, पुन्हा पुन्हा म्हणत होता, "हे गाव यात नाहीच हो, पाहा तुम्हीच पाहा." दादाने माझ्याकडे पाहिलं. तू दारात उभी होतीस, कडेवर कौतिका, तिच्या डोळ्यांवर ओलं फडकं. आणि मी म्हणालो, "साहेबांनी चौकट तिथे ठेवायला सांगितली."

तू आत गेलीस. त्यानंतर तुझा शब्द मी ऐकलेला नाही.

माफी मागायला हे लिहिलं नाही. ती कोणत्या शब्दांत मागतात ते मला येत नाही. तू इथे नाहीस आणि का नाहीस, हे मला तीन वर्षं ठाऊक होतं, आणि तरी मी तुला पोह्यांची आणि चादरीची पत्रं लिहीत होतो, एवढंच सांगायचं होतं.

तुझा,
खेमराज


बेहडाटोला,
ता. २३ मार्च ५८

तुमाले धुरपताचा नमस्कार.

पत्र भेटलं. आधीचे बी सगळे भेटले. चौथीपावतर शिकली आहे, थोडं थोडं करून लिवते, समजून घ्या.

मले तेव्हाच समजलं होतं. तुमचा सायेब आमच्याकडं कधी आला नाई. बेहडाटोला कुठं आहे ते त्याले काय ठाऊक? तिथं चौकट ठेव आनि टोला झाक, असं तो कसा सांगल? ठाऊक तुमालेच होतं. मले हे त्या दिवसी अंगनातच समजलं. तुमी बोलून राहिले आनि मी तुमच्या तोंडाकडं पाहून राहिली.

तुमी ठिपका पुसला म्हनून मी आली नाई असं नोका समजू. ते लगीत वाईट झालं, फारच वाईट, पर मानसाच्या हातून होते. वहिनी घरात मरून पडली होती आनि तुमी अंगनात उभे राहून खोटं बोलले. ते मले गिळताच आलं नाई. दादा रोज विचारे, जावई खरं बोलते का? मी सांगो, मले ठाऊक नाई. म्हंजे मी बी खोटीच झाली तुमच्यापायी.

आता पत्र दादाले वाचून दाखवलं. तो ऐकून उठला आनि धानाच्या बांधीकडं निंगून गेला. जेवाले आला तेव्हा अंधार पडला होता.

बिसराम आला होता घरं मोजाले. त्यानंच सांगतलं, सायेब वरतं उभे आहेत म्हनून. खाली काऊन नाई आले? मी चुलीवर जास्तीचं आंधन ठेवलं होतं. मंग उतरवलं.

बिसरामले हे सगळं ठाऊक आहे का? खालच्या घरातली त्याची बहीन गेली तेव्हा. तुमी त्याच्या हातात साखळी देता आनि त्याले सांगत नाई, हे बरं नाई. त्याले सांगा.

कौतिका आंगनात येकटी फिरते, त्याच्या पलीकडं माह्या पदराले धरून. मी पत्र वाचत होती तर विचारते, आत्या, नकाशा कसा असते? मी म्हनली, गाव वरून पाहालं त जसं दिसन तसं कागदावर काढतात. तिनं विचारलं, हातानं पाहाता येते का? मी म्हनली, नाई.

तब्येतीले जपा.

धुरपता


गोंदिया,
ता. २७ एप्रिल १९५८

धुरपता,

तुझं अक्षर पाहिलं आणि पत्र उघडायच्या आधी कितीतरी वेळ हातात धरून बसलो. आधण उतरवलंस ते वाचल्यावर मला पुढचं वाचवेना.

आधी बिसरामचं. त्याला सांगितलं. कचेरीच्या मागे बाभळीखाली बसवून सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही. त्याने ऐकलं, हातातली साखळी घडी करून माझ्या पायाशी ठेवली आणि निघून गेला. दोन दिवस आला नाही. मी दुसरा माणूस शोधला नाही. तिसऱ्या दिवशी आला, माझ्याकडे न बघता साखळी उचलली. मी विचारलं, "काऊन आलास, बिसराम?" तर म्हणाला, "काम सोडलं त बाकीचे टोले कोन दाखवल तुमाले? तुमी पुन्हा जंगलच लिवसान." तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. मला ते पुष्कळ आहे.

आता जे साहेब आहेत त्यांना मी लेखी दिलं. १९५४ सालच्या नकाशात वस्ती कुणी झाकली, विचारल्यावर कोण काय बोललं, सगळं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं." मी म्हटलं, "तेव्हा विचारलं होतं, साहेब." मला टेबलावरून काढलं आहे. नवा नकाशा शाईने दुसरा माणूस पुरा करतो आहे, मी नकला करायच्या खोलीत बसतो. कोपऱ्यात माझी सही असणार नाही. पण कच्चा नकाशा माझाच आहे, आणि सूची खालच्या समासात पट्टी करून घेतली आहे. थोडा जड दिसतो खालून. बेहडाटोला आहे त्यात, ठिपका आणि नाव. त्याच्याभोवती आणखी सात टोले आहेत, जे जुन्या कुठल्याही नकाशात नव्हते.

आता कौतिकाचं. तू तिला नाही म्हणालीस. मीही नाहीच म्हणालो असतो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून एक जाड पुठ्ठा आणला.

पहिला केला तो वाया गेला. नाल्याला सुतळी, वाटेला सुतळी, बांधांना दोरा, घरांना चिंचोके, झाडांना लाखेचे थेंब, जे जे आठवलं ते सगळं चिकटवलं. मला फार चांगला वाटला. उस्तादांकडे नेला. म्हटलं, डोळे मिटून पाहा. ते हसले, "मींचने की क्या ज़रूरत है अब," आणि बोटं फिरवू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "ये रास्ता है कि नाला?"

"नाला, उस्ताद."

"और ये?"

"तो रस्ता."

"दोनों एक जैसे! लड़की पानी में जाएगी, भाई. और इतना क्या भर दिया है? उँगली को साँस लेने दे."

घरी येऊन मीच डोळे बांधले आणि त्या पुठ्ठ्यावर तुझं घर शोधायला बसलो. सापडलं नाही. मी काढलेल्या नकाशात मला सापडलं नाही! मग सगळं उपटलं आणि विचार केला की सात वर्षांच्या पोरीला कुठे कुठे जायचं असतं. विहीर. शेजारची घरं. चिंचेखाली. नाल्याकडे जायचं नसतं, पण तो कुठे आहे ते कळायला हवं. बाकी सगळं काढून टाकलं. बांध काढले, डोंगर काढला.

आता सोबत पाठवतो आहे तो असा. पुठ्ठा तिच्या दोन्ही हातांत मावेल एवढाच, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाताना हात उचलावा लागणार नाही. नाला म्हणजे खरखरीत वाळूचा पट्टा, बोट लागलं की थांबावंसं वाटेल असा. वाट म्हणजे गुळगुळीत फीत. घरं चिंचोक्यांची, तुमचं घर तेवढं दोन चिंचोके जोडून. विहीर म्हणजे माझ्या कोटाचं बटण. चिंचेला लाखेचा मोठा थेंब. दोन खुणांत बोटभर जागा सोडली आहे, नाहीतर बोटाला दोन्ही एकच वाटतात. उत्तर वर ठेवली नाही. तिला उत्तरेशी काय करायचं आहे? ती दाराच्या उंबऱ्यावर बसून पुठ्ठा मांडीवर घेईल, तेव्हा जे समोर ते वर आणि जे डाव्या हाताला ते डावीकडे, असा बसवला आहे. कोणती खूण कशाची ते समजायला दुसरा लहान पुठ्ठा आहे, सुटा. आधी तो तिच्या हातात दे.

पुठ्ठा करताना मला एक कळलं. तुमच्या दारापासून विहिरीपर्यंत किती पावलं, ते मला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर आठ वेळा आलो असेन, कधी पाणी आणायला गेलो नाही. अंदाजाने ठेवलं आहे. चुकलं असेल.

मी एकदा उस्तादांकडे तो पुन्हा घेऊन गेलो. ते बोटं फिरवत विहिरीपर्यंत गेले, परत घरापर्यंत आले. मग विचारलं, "किसका घर है ये?" मी म्हटलं, "बायकोच्या भावाचं." "तो तेरा घर कहाँ है?" मी पुठ्ठा कापडात गुंडाळला.

सौ. धुरपता, मला तुला ये असं लिहायचा हक्क नाही, आणि लिहीत नाही. इथे खोलीत सगळं आहे तसं आहे. संध्याकाळी कचेरीतून येताना मी अजूनही कुलूप आहे की नाही ते लांबूनच बघतो. रोज असतंच. तरी बघतो.

तुझा,
खेमराज


बेहडाटोला,
ता. २५ मे ५८

तुमाले नमस्कार.

पुठ्ठा चांगला आला, कोपरा थोडा दबला. बिसरामनं स्टेसनावरून आनला, आनि कौतिकाच्या मांडीवर त्यानंच ठेवला. मंग गेला नाई, दारात बसून पाहात राहिला.

आधी लहान पुठ्ठा देल्ला, तुमी सांगतल्यावानी. तिनं येक दिवस नुसता तोच धरला. दुसऱ्या दिवसी मोठा. लगीत वेळ नुसती चाचपत राहिली. मले वाटलं, समजत नाई तिले. मंग दोन चिंचोक्यांवर बोट ठेवलं आनि म्हनली, "आत्या, आपन आता इथं बसून राहिलो ना?" मी हो म्हनली. दादा खाटेवर होता, तो उठून बसला.

मंग तिनं तुमच्या चुका काढल्या. चिंच आता नाई, मागच्या साली वादळानं पडली. आनि विहिरीची वाट तिकडून नाई जात, जुनी वाट खचली, आता ढोरांच्या कोठ्याच्या मागून जाते. म्हनते, "मामाजीले ठाऊकच नाई." मले ती आत्या म्हनते आनि तुमाले मामाजी, तुमाले आठवत असन. मी म्हनली, तीन वर्सं झाली त्याईले येऊन, त्याईले कसं ठाऊक राहीन. तिनंच नखानं फीत उपटली आनि मले दुसरीकडून लावाले सांगतली. मी भाताच्या पेजेनं चिकटवली.

परवा सकाळी मी भाकरी थापत होती त पोरगी दिसली नाई. पिठाच्या हातानंच उठली. पळत गेली त ती विहिरीच्या पाळीले हात लावून उभी. येकटी गेली होती. मले आवाज देते, "आत्या, पंचावन पावलं आहेत. मामाजीनं कमी ठेवले." दादा मागून आला, त्यानं तिले उचललं, आनि पयल्यांदा तुमचं नाव काढलं. म्हनला, "खेमराजले लिव, पंचावन आहेत म्हनून." तेवढंच म्हनला. माफ केलं असं नाई म्हनला, मी बी तसं लिवत नाई. वहिनी रोज आठवते. बाळाचा पाळना अजून वरतं बांधून ठेवला आहे, कोनी सोडत नाई.

मी गोंदियाले येऊ शकत नाई. या पोरीले टाकून कशी येऊ? तिले तिकडं आनली त तिथं तिले काईच ठाऊक नाई राहीन, पुन्हा पदर धरून फिरन. आता कुठं सोडला आहे.

काल ती पुठ्ठ्याच्या पार काठापावतर बोट नेऊन विचारते, "आत्या, मामाजीचं घर यात काऊन नाई?" मी म्हनली, लगीत दूर आहे बाई, पुठ्ठ्यात मावत नाई. तिनं काठावर बोट टेकवून ठेवलं. मंग म्हनली, "मंग त्याईले सांग, इथंच येक चिंचोका लावा."

मी म्हनली, लिवते त्याईले. तुमालेच विचारते. तुमची बदली सालेकस्याकडं होते का? नकलाच कराच्या असन त त्या इकडं बी करता येत असन. नाई झाली त सुट्टीचे या. दादा बोलन का नाई बोलन ते मले सांगता येत नाई. जेवाले वाढीन येवढं मी सांगते. आल्यावर पयले खालच्या घरी जा लागन, बिसरामच्या बहिनीच्या सासूकडं, आनि तिथं बी खरं सांगा लागन. मी संग येईन.

येनार असान त दिवस लिवून पाठवा. कौतिकाले पायाचा आवाज ओळखता येते, तुमचा तिच्या ध्यानात नाई. माह्या आहे.

वाट पाहून राहिली,
धुरपता